डोळ्यावर शिवलेली चांदीची वाटी

आसनगाव स्टेशनात पहाटेची लोकल लागते, तेव्हा अपंग आणि कर्करुग्णांसाठी राखलेल्या डब्यापाशी दोन-चार माणसं फाईल छातीशी धरून उभी असतात. कुणी शहापूर गावातलं, कुणी किन्हवलीकडचं, कुणी आदल्या रात्रीच डोळखांबहून येऊन नातेवाइकाकडे मुक्काम केलेलं. मुरबाडच्या माणसाला आधी एसटीने कल्याण गाठावं लागतं, मग गाडी. जायचं बहुतेकांना एकाच ठिकाणी असतं, दादरला उतरून परळच्या टाटा हॉस्पिटलला. कुठे निघालात, असं विचारलं तर उत्तर येतं, "शेक चालू आहे." कुणी म्हणतं, "लाईट घ्यायला." रेडिएशन किंवा किरणोपचार हे शब्द केसपेपरवर राहतात. बोलण्यात शेकच.

शेक म्हटलं की आपल्याला चुलीचा निखारा आठवतो, गरम विटेचं फडकं आठवतं. पण या शेकात ऊब अशी नसतेच. एका बैठकीत गाठीला साधारण दोन ग्रे किरण दिले जातात (ग्रे हे किरणांचं माप, जसं दुधाचं लिटर), आणि तेवढ्या किरणांनी शरीराच्या त्या भागाचं तापमान अंशाच्या हजाराव्या हिश्श्यानेही वाढत नाही. चहाचा एक घोट याहून जास्त ऊब देतो. तरीही हा थंड शेक कॅन्सरची गाठ वितळवतो. आणि तोच शेक, गाठ गेल्यावर दोन वर्षांनी, कधी दहा वर्षांनी, त्याच डोळ्यात नवं दुखणं उभं करू शकतो. हे कसं होतं याचा शोध घेताना मला डोळा पुन्हा पहिल्यापासून समजून घ्यावा लागला.

डोळ्याचा कॅन्सर दुर्मीळ आहे. पण किरण शरीरात नेमकं काय करतात ते पाहायचं असेल, तर डोळ्यासारखी दुसरी जागा नाही. यकृतात, फुप्फुसात किरणांनी काय केलं ते यंत्राच्या चित्रावरून ताडावं लागतं. डोळा मात्र समोरून पारदर्शक आहे. बाहुलीतून प्रकाश टाकला की मागच्या पडद्यावरच्या जिवंत रक्तवाहिन्या, एकही चिरा न देता, डॉक्टरला थेट दिसतात. एखादी वाहिनी या खेपेला आहे आणि पुढच्या खेपेला नाही, हेसुद्धा दिसतं.

कचऱ्यातून काढलेलं औषध

मोठ्या माणसांत डोळ्याच्या मधल्या थरात जी काळपट गाठ होते, तिला मेलानोमा म्हणतात. गोऱ्या लोकांत ती दहा लाखांत वर्षाला पाच-सहा जणांना होते, आपल्याकडे त्याहून कितीतरी कमी. पूर्वी अशा गाठीवर एकच इलाज होता, डोळा काढणे. पण १९३० च्या आसपास लंडनच्या फॉस्टर मूर यांनी किरणोत्सारी रेडॉनची कुपी डोळ्यातल्या गाठीत बसवून पाहिली. त्यांच्यानंतर हेन्री स्टॅलार्ड यांनी कोबाल्टच्या थाळ्या वापरल्या, आणि १९६४ मध्ये पूर्व बर्लिनमध्ये पेटर लोमाट्श यांनी रुथेनियम-१०६ नावाच्या धातूची थाळी आणली.

हा रुथेनियम-१०६ खाणीत सापडत नाही. अणुभट्टीत युरेनियमचे अणू फुटतात, तेव्हा जळून उरलेल्या इंधनात तो तयार होतो. म्हणजे ज्या अणुकचऱ्याला जग घाबरतं, त्याच कचऱ्यात तो असतो. मुंबईत ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी तो कचऱ्यातून वेगळा केला, चांदीच्या पत्र्यावर त्याचा पातळ थर चढवला आणि वरून चांदीनेच बंद केला. देशी बनावटीची ही थाळी तयार झाल्याची माहिती केंद्र सरकारने २०२० मध्ये जाहीर केली. त्याआधी अशा थाळ्या परदेशातून मागवाव्या लागत. ट्रॉम्बेनेच त्यापूर्वी आयोडीन-१२५ चे तांदळाच्या दाण्याएवढे कणही बनवले होते, आणि चेन्नईच्या शंकर नेत्रालयाने त्यांनी डोळ्याच्या गाठींवर उपचार केले.

ही थाळी म्हणजे खरं तर वाटी. रुपयाच्या नाण्याहून लहान, एक मिलिमीटर जाड, डोळ्याच्या गोलाईला बरोबर बसेल अशी खोलगट. काठाला दोन बारीक छिद्रं, टाका घालण्यासाठी. किरण आतल्या बाजूने निघतात. पाठीची जाड चांदी मागे जाणारे बहुतेक किरण अडवते.

ती बसवताना डॉक्टर डोळ्यावरचं नाजूक पातळ आवरण बाजूला सारतात आणि पांढरं कवच उघडं करतात. गाठ कवचाच्या आत असते, बाहेरून दिसत नाही. मग दिवे मंद करून डोळ्यात समोरून तेजस्वी प्रकाश सोडतात. सगळा डोळा आकाशकंदिलासारखा आतून उजळतो आणि जिथे गाठ आहे तिथे कवचावर तिची काळी सावली पडते. त्या सावलीच्या कडेने पेनाने खुणा करतात. आधी किरण नसलेली, तंतोतंत त्याच मापाची खोटी वाटी ठेवून टाके कुठे पडतील ते ठरवतात. मग खरी वाटी ठेवून शिवतात. दोन ते सात दिवस ती तिथे राहते, मग पुन्हा ऑपरेशन करून काढून घेतात.

आपल्या भागात हमखास विचारला जाणारा प्रश्न म्हणजे, घरी आल्यावर माणसाला वेगळं ठेवायचं का? त्याच्या ताटात जेवलं तर चालेल का? वाटी डोळ्यावर असते तेवढे दिवस रुग्ण वेगळ्या खोलीत असतो, गरोदर बाई आणि लहान मुलांना जवळ जाऊ देत नाहीत. वाटी काढली की माणसात किरणांचा अंशही उरत नाही. यंत्राने बाहेरून दिलेल्या शेकात तर कधीच उरत नाही. घरी आलेल्या माणसाला जवळ घ्यावं, नातवंडं मांडीवर द्यावीत, एका ताटात जेवावं. काही होत नाही.

पाणी फुटतं तेव्हा

ऊब नाही, तर मग किरण गाठ मारतात कशाने? अर्धंअधिक उत्तर पाण्यात आहे. शहापूर तालुक्याला पाण्याची ओळख करून द्यायला नको. १८९२ साली बांधून झालेलं तानसा धरण याच तालुक्यात आहे, आणि मुंबई जवळपास निम्मं पाणी इथल्याच एकट्या भातसा धरणाचं पिते. पेशीही अशीच पाण्याने भरलेली असते. किरण तिच्यातून जाताना पाण्याचा रेणू फोडतो. फुटलेला तुकडा सेकंदाच्या अब्जाव्या भागापुरता जगतो, पण तेवढ्यात शेजारी डीएनएचा धागा असला तर तो तोडतो. पेशी एका बाजूने तुटलेला धागा सांधू शकते. दोन्ही बाजूंनी एकाच जागी तुटला तर सांधणं अवघड होतं.

खरी गंमत पुढे आहे. धागा तुटलेली पेशी लगेच मरत नाही. ती खाते, श्वास घेते, आपलं रोजचं काम करते. एकाची दोन व्हायची वेळ आली की मात्र तुटलेल्या धाग्याची नक्कल करता येत नाही आणि ती कोसळते. कॅन्सरच्या पेशी भराभर दुणावतात, म्हणून लवकर मरतात. निरोगी पेशी ज्या गतीने दुणावते त्या गतीने तिच्यावरचा घाव उघड होतो. रोज नव्या होणाऱ्या पेशींत तो दिवसांत दिसतो, वर्षाकाठी नव्या होणाऱ्यांत वर्षांनी. किरणांचे दुष्परिणाम एकदम न येता टप्प्याटप्प्याने का येतात, ते यात आहे. किरण एकाच दिवशी सगळ्यांना लागलेले असतात. प्रत्येक भागाचं घड्याळ तेवढं वेगळं असतं.

बाहेरून यंत्राने शेक घेताना काही रुग्ण सांगतात, डोळे मिटलेले असतानाही निळा उजेड दिसला. बरीच वर्षं तो भास समजला जाई. २०२० च्या सुमारास अमेरिकेतल्या डार्टमथच्या संशोधकांनी संवेदनशील कॅमेरा लावला, तर उपचार चालू असताना रुग्णाच्या डोळ्यातून खरोखरच मंद प्रकाश निघत होता. किरणांनी उडालेले इलेक्ट्रॉन डोळ्यातल्या पाणीदार गराच्या आत, त्या गरातल्या प्रकाशाच्या वेगापेक्षाही जोरात धावतात आणि मागे निळी आभा सोडतात. रशियाच्या चेरेन्कोव्ह यांना या आभेच्या शोधासाठी १९५८ चं नोबेल दोघा सहकाऱ्यांबरोबर मिळालं. १९५६ साली सुरू झालेली ट्रॉम्बेची 'अप्सरा' ही भट्टी पाण्याच्या हौदात होती, आणि अशा हौदात दिसणारी निळाई हीच. अणुभट्टीच्या हौदातला उजेड माणसाच्या मिटल्या डोळ्यात उमटतो, हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही.

प्रत्येक भागाचं वेगळं घड्याळ

पहिले काही दिवस-आठवडे बाहेरच्या भागांचे. डोळा लाल होतो, पापणी सुजते, टाके खुपतात. वाटीसाठी डोळा फिरवणारा एखादा स्नायू तात्पुरता सोडवला असेल, तर काही काळ एकाच्या दोन वस्तू दिसतात. बाहेरून शेक दिला असेल तर पापणीची कातडी काळवंडते आणि पापण्यांचे केस गळतात. अश्रूंच्या ग्रंथीला किरण लागले तर डोळा कोरडा पडून वाळू गेल्यासारखा खुपतो. यातलं बरंच काही थेंबांनी, मलमाने आणि वेळेने आटोक्यात येतं.

पुढचं घड्याळ भिंगाचं. डोळ्याचं भिंग म्हणजे नऊ-दहा मिलिमीटरची पारदर्शक गोळी. तिच्यात रक्तवाहिनी नाही, नस नाही, आणि ती चहूबाजूंनी बंद पिशवीत असते. केस गळतात, कातडी सुटते, पण भिंग जन्मापासून एकही पेशी टाकून देत नाही. आज आपण ज्या भिंगाच्या मध्यातून हे वाचतो आहोत, त्यातला आतला भाग आईच्या पोटात असताना तयार झालेला आहे. नव्या पेशी फक्त कडेला जन्मतात आणि थरावर थर चढत जातात. किरणांनी बिघडलेली पेशी पिशवीबाहेर जाऊ शकत नाही, नीट पारदर्शकही होऊ शकत नाही. ती सरकत सरकत भिंगाच्या पाठीमागे मधोमध जाऊन साठते. तिथेच मोतीबिंदू धरतो. म्हणून किरणांचा मोतीबिंदू वयाच्या मोतीबिंदूसारखा नसतो. भर उन्हात आणि समोरच्या गाडीच्या दिव्यांत तो जास्त त्रास देतो, वाचताना आड येतो.

क्ष-किरणांचा शोध १८९५ चा, आणि दोनच वर्षांत बोहेमियातल्या चालुपेत्स्की यांनी क्ष-किरणांनी सशाच्या डोळ्यात मोतीबिंदू होतो हे नोंदवलं. १९४९ मध्ये सायक्लोट्रॉन यंत्रावर काम करणाऱ्या तरुण अमेरिकी शास्त्रज्ञांच्या डोळ्यांत तो सापडला. भिंग किती नाजूक आहे याचा अंदाज पुढे पुढे आणखी कडक होत गेला. पूर्वी धोक्याची पातळी दोन ग्रे मानत. आंतरराष्ट्रीय किरणसुरक्षा आयोगाने २०११ मध्ये ती अर्ध्या ग्रेवर आणली.

आता याच डोळ्याचं पांढरं कवच पाहा. वाटी ज्या जागी टेकते, तिथे कवचाला काही दिवसांत कित्येकशे ग्रे किरण लागतात, आणि बहुतेक वेळा ते निमूट सोसतं. त्याच्या पेशी क्वचितच दुणावतात, म्हणून. चोवीस मिलिमीटरच्या गोळ्यात एक भाग अर्ध्या ग्रेने गढुळतो आणि दुसरा त्याच्या शेकडो पट सोसतो. पण कवचाचंही घड्याळ असतं, फार संथ चालणारं एवढंच. उन्हातान्हात राबणाऱ्यांच्या डोळ्यावर जे मांस वाढतं, ते काढल्यावर पुन्हा येऊ नये म्हणून पूर्वी स्ट्रॉन्शियम-९० चे किरण देत. त्यातल्या काहींचं कवच कित्येक वर्षांनी, कधी दशकांनी, त्याच जागी पातळ होऊन झिरपलं. माणूस उपचार विसरून गेला होता, डोळा विसरला नव्हता.

सगळ्यांत महत्त्वाचं घड्याळ मागच्या पडद्याचं. पडद्याच्या बारीक केशवाहिन्यांना आतून अस्तरासारख्या पेशी असतात आणि त्या सावकाश दुणावतात. साधारण सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत त्या एकेक करून संपत जातात. अस्तर गेलेली वाहिनी कधी फुगते, कधी बंद पडते, कधी पाझरते. डॉक्टरला पडद्यावर बारीक लाल ठिपके दिसतात, कापसाच्या बोंडासारखे पांढरे डाग दिसतात, पिवळट कण दिसतात. हे चित्र मधुमेहाने खराब झालेल्या पडद्याशी खूप जुळतं, आणि मधुमेह असलेल्या रुग्णात दोन्ही नुकसानं एकमेकांना जोर देतात. रक्त न मिळालेला पडदा प्राणवायूसाठी रासायनिक हाक देतो. त्या हाकेने नव्या वाहिन्या फुटतात, पण त्या कच्च्या असतात, पाझरतात, फुटतात. त्या पुढे बुबुळापर्यंत पसरल्या तर डोळ्यातलं पाणी बाहेर जायची वाट बंद होते आणि दाब वाढून दुखरा काचबिंदू होतो. तेव्हा मात्र डोळा दुखतो, आणि तेव्हा हातात फारसं काही उरलेलं नसतं.

पण हीच हाक आता अडवता येते. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरसाठी २००४ मध्ये मान्यता मिळालेलं बेव्हासिझुमॅब हे औषध त्या हाकेचा रेणूच धरून ठेवतं. त्याचा इवलासा डोस डोळ्यात टोचला की पाझर कमी होतो. वेळेवर आणि पुन्हा पुन्हा दिलं तर नजर बऱ्याच काळासाठी टिकवता येते.

आधी जीव, मग डोळा, मग नजर

एवढे दुष्परिणाम, मग वाटी बसवायचीच कशाला? हा प्रश्न डॉक्टरांनीही प्रामाणिकपणे स्वतःला विचारला. अमेरिका आणि कॅनडात १९८७ ते १९९८ या काळात मध्यम आकाराचा मेलानोमा असलेल्या १३१७ रुग्णांची, चिठ्ठी टाकून करावी तशी, वाटणी केली. अर्ध्यांचा डोळा काढला, अर्ध्यांना आयोडीन-१२५ ची वाटी बसवली. निकाल २००१ मध्ये आला. पाच वर्षांनंतर दोन्ही गटांत दगावलेल्यांचं प्रमाण जवळपास सारखं होतं, १९ आणि १८ टक्के. म्हणजे डोळा ठेवल्याने जीव धोक्यात गेला नाही. पण त्याच अभ्यासात तीन वर्षांनी वाटीच्या गटातल्या ४३ टक्के डोळ्यांना तक्त्यावरचं सगळ्यांत वरचं मोठं अक्षर जेमतेम दिसत होतं, किंवा तेही दिसत नव्हतं. डोळा वाचणं आणि नजर वाचणं वेगवेगळं आहे, हे रुग्णाला आधी नीट सांगायला हवं. आधी जीव, मग डोळा, मग नजर, हा क्रम डॉक्टर पाळतात आणि घरच्यांनीही तो समजून घेतला पाहिजे.

रुथेनियमचे किरण पाच-सहा मिलिमीटरनंतर फार क्षीण होतात, म्हणून पातळ गाठीसाठी ते बरे, पलीकडचा भाग वाचतो. प्रोटॉन नावाचे जड कण नेमक्या खोलीवर जाऊन थांबतात. डोळ्यासाठी त्यांचा वापर बोस्टनमध्ये १९७५ साली सुरू झाला. आपल्या खारघरला टाटाच्या केंद्रात २०२३ पासून वेगवेगळ्या कॅन्सरसाठी प्रोटॉन उपचार होऊ लागले आहेत.

मेंदूरोगतज्ज्ञ आणि लेखक ऑलिव्हर सॅक्स यांना २००५ च्या डिसेंबरात उजव्या डोळ्यात मेलानोमा निघाला आणि अशीच वाटी बसवली गेली. किरण आणि लेसर यांनी नजरेच्या मधोमध आंधळा डाग पडला. सॅक्स यांनी त्याची रोजनिशी ठेवली. निळ्या आकाशाकडे पाहिलं की काही क्षणांत तो डाग निळ्याने भरून निघे. डोळा पाहत नव्हता, मेंदू आजूबाजूचा रंग घेऊन भोक रफू करत होता. २००९ मध्ये त्या डोळ्यात रक्तस्राव झाला आणि उरलेली नजरही गेली. एका डोळ्याने खोली समजेना, पायरी किती खाली आहे ते कळेना. कप पुढे आहे की मागे, हे न कळून चहा बाहेर ओतला जाणं, उंबऱ्याला ठेच लागणं, हे एका डोळ्याच्या प्रत्येक माणसाचं पहिल्या महिन्यांतलं दुःख. मेंदू हळूहळू सावलीवरून, आकारावरून अंतर शिकतो. सॅक्स यांचा आजार नंतर यकृतात पसरला आणि ३० ऑगस्ट २०१५ रोजी ते गेले. मधली नऊ वर्षं त्यांनी लिहिण्यात घालवली.

लेकराच्या बाहुलीतला पांढरा उजेड

आपल्या पाड्यांवर मेलानोमापेक्षा जास्त काळजी करायची ती रेटिनोब्लास्टोमाची. हा लहान मुलांचा डोळ्याचा कॅन्सर. साधारण पंधरा ते वीस हजार जन्मांमागे एका बाळाला होतो, बहुतेक वेळा पाच वर्षांच्या आत. भारतात दरवर्षी साधारण दीड हजार मुलांना तो होतो असा अंदाज आहे. पहिली खूण दिसते ती आईला. कंदिलाच्या किंवा बल्बच्या उजेडात एका विशिष्ट कोनात बाळाची बाहुली मांजराच्या डोळ्यासारखी पांढरी चमकते. मोबाइलच्या फोटोत एक बाहुली लाल आणि दुसरी पांढरी येते. कधी डोळा तिरळा होतो. लवकर आलं तर आज यातली बहुतांश मुलं जगतात.

किरणांनी या मुलांना वाचवण्याचा पहिला प्रयत्न टेक्सासमध्ये १९०३ सालचा, हिल्गार्टनर नावाच्या डॉक्टरचा. पुढे कित्येक दशकं बाहेरून दिलेला शेक हाच डोळा वाचवणारा मुख्य उपाय होता. मुलं मोठी झाली आणि मग उशिराचा हिशोब समोर आला. वाढीच्या वयात हाडांना किरण लागल्याने कानशिलं खोल गेली, चेहऱ्याची एक बाजू लहान राहिली. डोळा काढलेल्या मुलाची खोबण आकसून कृत्रिम डोळा टिकेना. त्याहून गंभीर म्हणजे, काहींना वीस-तीस वर्षांनी त्याच भागात दुसरा कॅन्सर झाला.

याचं कोडं १९७१ मध्ये आल्फ्रेड नुडसन यांनी अवघ्या ४८ रुग्णांच्या नोंदींवरून उलगडलं. पेशीला बेलगाम वाढू न देणाऱ्या जनुकाच्या दोन प्रती असतात, आईकडून एक, बापाकडून एक. दोन्ही बिघडल्या तरच कॅन्सर होतो. काही बाळांच्या अंगातल्या प्रत्येक पेशीत एक प्रत जन्मतःच बिघडलेली असते. त्यांच्या हाडाला, स्नायूला, कातडीला फक्त एकच घाव बाकी असतो. कॅन्सर मारायला दिलेला किरण नेमका तो दुसरा घाव घालू शकतो. हे कळल्यावर डॉक्टरांनी उपचारांचा क्रमच बदलला. १९९० च्या दशकापासून आधी केमोथेरपी, लेसर, गोठवणं, जमेल तिथे छोटी वाटी. बाहेरचा शेक अगदी गरज पडली तरच. गाठ डोळ्याबाहेर पसरलेली असेल तर ती गरज पडतेच, आणि आपल्याकडे मुलं उशिरा येतात म्हणून ती जास्त वेळा पडते. पांढरी बाहुली दिसल्यापासून हॉस्पिटल गाठेपर्यंत जे महिने जातात, त्यांची किंमत लेकराला अशी जन्मभर चुकवावी लागते.

तारीख

शेवटी गोष्ट येऊन थांबते ती तारखेवर. फाईलवर पुढची तारीख लिहिलेली असते. सुरुवातीला दर तीन-चार महिन्यांनी, मग सहा महिन्यांनी, आणि पुढे वर्षानुवर्षं. पहिल्या दोन तारखांना माणूस जातो. मग आवणी येते, एका दिवसाची मजुरी बुडते, बरोबर यायला कुणी नसतं. डोळा दुखत नाही, लालही नाही. "आता बरंय, कशाला जायचं?" असं म्हणून फाईल पत्र्याच्या पेटीत जाते. आणि पडद्याच्या केशवाहिन्या संपायला लागतात त्या नेमक्या याच शांत काळात, एकही कळ न येता.

म्हणून शहापूर-मुरबाडच्या प्रत्येक घराला हात जोडून सांगणं आहे. डोळ्याला शेक घेतलेला माणूस घरात असेल तर दुखत नाही म्हणून तारीख चुकवू नका. मधुमेह किंवा रक्तदाब असेल तर औषध सोडू नका. आठवड्यातून एकदा एक डोळा झाकून दुसऱ्याने भिंतीवरच्या कॅलेंडरची चौकट पाहा; रेघ वाकडी दिसली, मधोमध डाग आला किंवा डोळा लाल होऊन ठणकला, तर तारखेची वाट न पाहता निघा. मूल शेक घेऊन बरं झालं असेल तर ते लग्नाच्या वयाचं झालं तरी जुनी फाईल जपा आणि कुठल्याही नव्या डॉक्टरला ती पहिल्यांदा दाखवा. परळ-दादर भागात राहायची अडचण असेल तर दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळची नाना पालकर स्मृती समिती बाहेरगावच्या रुग्णांना आसरा देतात. उपचारांच्या खर्चाला महात्मा फुले जन आरोग्य योजना आहे.

आणि अंगणवाडीच्या ताईंना, आशाताईंना एक विनंती. लसीकरणाच्या दिवशी बाळ मांडीवर असतं तेव्हा खोलीत थोडा अंधार करून, मोबाइलचा फ्लॅश लावून दोन्ही डोळ्यांचा एक फोटो काढा. एक बाहुली पांढरी दिसली तर पुढच्या महिन्याची वाट पाहू नका. त्याच आठवड्यात त्या आईला डोळ्यांच्या डॉक्टरकडे पाठवा.